इंजिन उघडण्याआधी : सिलिंडरच्या झिजेचे निदान

मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. बरेच चाललेल्या इंजिनाचे हेड काढून सिलिंडरच्या आत नख फिरवले, तर काठापासून काही मिलिमीटर खाली एक बारीक पायरी लागते. पायरीच्या वरचा पट्टा जवळपास मूळ मापाचा असतो, कारण पिस्टनची सर्वांत वरची रिंग तिथवर कधी पोहोचतच नाही. पायरीच्या लगेच खाली मात्र झीज सर्वांत जास्त असते. तिथून खाली ती कमी होत जाते आणि रिंगांचा प्रवास जिथे संपतो तिथे माप पुन्हा मूळ मापाजवळ येते. म्हणजे जुना सिलिंडर वर किंचित रुंद आणि खाली अरुंद, असा निमुळता झालेला असतो. तो नीट गोलही राहत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर रेटतो, त्यामुळे क्रँकशाफ्टला काटकोनात असलेल्या दिशेने भिंत अधिक घासली जाते आणि आडवा छेद लंबगोल होतो. इंजिन उघडल्यावर पुढचे काम काय करायचे, हे मुख्यतः निमुळतेपणा आणि लंबगोलपणा या दोन मापांवरून ठरते.

झीज वरच्याच टोकाला का होते, हे पिस्टनच्या चालीवरून कळते. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनची धाव ७२ मिमी होती. मिनिटाला ३,००० फेरे असताना या इंजिनातल्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर भरतो. पण प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. रिंग आणि भिंत यांच्यामधला तेलाचा थर हालचालीच्या जोरावर टिकतो. हालचाल थांबली की थर पातळ होतो आणि धातूला धातू लागतो. वरच्या टोकाला नेमक्या याच सुमारास ज्वलनाचा दाब शिखरावर येतो. तो वायू रिंगच्या मागच्या खाचेत शिरून तिला भिंतीवर दाबतो. तिथेच उष्णताही सर्वांत जास्त असते, त्यामुळे तेल आणखी पातळ होते. किलोमीटरला सरासरी अडीच हजार फेरे धरले आणि चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते हे लक्षात घेतले, तर एक लाख किलोमीटरमध्ये ही घटना प्रत्येक सिलिंडरमध्ये साडेबारा कोटी वेळा घडते. एवढ्या घासण्यानंतरही चांगल्या इंजिनात झीज मिलिमीटरच्या काही शतांशांतच राहते. त्याचे श्रेय करड्या ओतीव लोखंडाला आणि होनिंगला द्यावे लागते. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये ओतल्या जाणाऱ्या या लोखंडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते स्वतःच थोडे वंगण पुरवतात. होनिंगने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी तयार होते आणि तिच्या खोबणींत तेल धरून राहते.

घर्षण हे झिजेचे एकच कारण नाही. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संशोधनातून दिसले की थंड इंजिनात झीज बरीच जास्त होते आणि त्यात गंजाचा वाटा मोठा असतो. इंधन जळताना पाण्याची वाफ आणि आम्लकारक वायू तयार होतात. भिंत पुरेशी गरम नसेल तर ती वाफ भिंतीवरच द्रवरूप होते आणि आम्ल लोखंड खाऊ लागते. रोज दोन-तीन किलोमीटर चालून थांबणारी गाडी महामार्गावर धावणाऱ्या गाडीपेक्षा दर किलोमीटरला जास्त झिजते, ती यामुळे. आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्याची एक पद्धत पडली आहे. ती सिलिंडरच्या मुळावर येते. व्हॉल्व्ह नसला की इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, आणि हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांमध्ये ते कधीच गाठले जात नाही.

धुळीचा त्रास याहून वेगळा. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी चिरली असेल किंवा तिचा क्लिप सैल असेल, तर फिल्टर नवा असूनही धूळ थेट आत जाते. धुळीतली वाळू लोखंडापेक्षा कठीण असल्याने रिंग आणि भिंत दोन्ही भराभर घासल्या जातात. अशा इंजिनाच्या वापरलेल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली, तर लोहाबरोबर सिलिकॉनचे प्रमाणही वाढलेले सापडते. ट्रकच्या ताफ्यांमध्ये आणि खाणींतल्या यंत्रांसाठी ही तपासणी नियमित होते. मोटारींच्या बाबतीत ती क्वचितच केली जाते.

झीज हळूहळू होते, इजा एका प्रवासात होऊ शकते. रेडिएटरमधले पाणी संपून इंजिन तापले की पिस्टन फुगतो. अ‍ॅल्युमिनियमचे प्रसरण ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट असल्याने मधली फट नाहीशी होते आणि पिस्टनचा धातू भिंतीवर चिकटून ओढला जातो. इंजिन सीझ झाले, असे गॅरेजमध्ये म्हणतात ते हेच. थंड झाल्यावर असे इंजिन पुन्हा सुरू होते आणि मालक निश्चिंत होतो, पण भिंतीवर उभे ओरखडे राहिलेले असतात. पिस्टनची पिन जागेवर धरणारी सर्क्लिप निसटली तर पिन एका बाजूला सरकते आणि भिंतीत सरळ उभी, खोल खोबण पाडते. तुटलेली रिंगही असेच करते. इंजेक्टर गळत असेल तर कच्चे पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन काढते, मग त्या एकाच सिलिंडरमध्ये झीज बाकीच्यांच्या पुढे जाते.

पुराच्या पाण्याचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण त्याची इजा बऱ्याचदा उशिरा कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात अडकल्या. अशा वेळी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला किंवा गाडी पाण्यातून चालवत राहिली, तर वर येणाऱ्या पिस्टनपुढे पाणी अडते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. वाक थोडा असेल तर इंजिन साफ केल्यावर चालू होते आणि गाडी परत रस्त्यावर येते. पण रॉड आखूड झाल्याने पिस्टन पूर्ण उंचीपर्यंत जात नाही आणि सरळही चालत नाही. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी राहते, भिंतीच्या वरच्या टोकाचा काजळीचा पट्टा शेजारच्या सिलिंडरपेक्षा रुंद दिसतो, आणि पिस्टनच्या अंगावर घासल्याची खूण एका बाजूला वर तर दुसऱ्या बाजूला खाली, अशी कर्णरेषेत पडते.

आता बाहेरून दिसणारी लक्षणे. सर्वांत परिचित लक्षण निळसर धुराचे, आणि सर्वांत जास्त चुकीची निदानेही त्यावरूनच होतात. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. तेल कुठून आत येते, हे धूर केव्हा येतो यावरून ताडावे लागते. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, किंवा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. चढावर, ओझ्याखाली, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलेला असताना धूर सतत येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर यांच्याकडे पाहावे. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सीलही तपासावे लागते. काळा धूर जादा इंधनाचा असतो. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर बहुधा हेड गॅस्केटमधून शिरणाऱ्या पाण्याचा. व्हॉल्व्ह सील बदलणे हे तुलनेने किरकोळ काम आहे आणि अनेक इंजिनांत ते हेड न काढताही होते. नुसता धूर पाहून पूर्ण इंजिनाचे काम सांगणे म्हणजे मालकाच्या खिशावर अन्यायच होय.

दुसरे लक्षण गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ या नावाने ओळखले जाते. ज्वलनाचा वायू रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तेल भरण्याचे झाकण उघडले की भकाभका बाहेर पडतो. थोडा वायू प्रत्येक इंजिनात उतरतोच. तो परत ओढून घेण्यासाठी असलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी चोंदली असेल, तर चांगल्या इंजिनातही दाब साठतो, डिपस्टिक वर उचलली जाते आणि ऑइल सीलमधून गळती सुरू होते. म्हणून आधी नळी साफ करून मग झाकण उघडावे.

आवाजाचीही मदत होते. फट वाढलेला पिस्टन थंड इंजिनात भिंतीवर आपटून बोजड टकटक करतो. इंजिन तापल्यावर पिस्टन फुगून फट कमी होते, तसा आवाज विरतो. बेअरिंगचा आवाज असा विरत नाही, उलट तेल पातळ झाल्यावर तो वाढू शकतो. तेलाचा खप मात्र अंदाजाने सांगू नये. सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे आणि हजार किलोमीटरनंतर तशाच स्थितीत पुन्हा पाहून किती भर घालावी लागते ते मोजावे. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक खपही मान्य धरतात, त्यामुळे ‘गाडी ऑइल खाते’ या तक्रारीला आकडा जोडल्याशिवाय अर्थ नसतो.

संशय पक्का झाला की कॉम्प्रेशन चाचणी. साधन साधेच आहे. प्लगच्या भोकात बसवायचा दाबमापक, ज्याचा काटा सर्वोच्च दाबावर अडकून राहतो. चाचणीचे मोल ती कशी केली यावर ठरते. इंजिन चालवून गरम केलेले असावे आणि बॅटरी पूर्ण चार्ज असावी. सगळे प्लग काढलेले असावेत, इंधन आणि इग्निशन बंद असावे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, नाहीतर हवा आत येत नाही आणि सगळेच आकडे कमी येतात. मग काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा दाबांपर्यंत, स्टार्टर फिरवून आकडा लिहून घ्यावा. निरोगी पेट्रोल इंजिनात तो बहुधा १० ते १४ बार, म्हणजे १५० ते २०० पीएसआयच्या आसपास येतो. डिझेलमध्ये तो याच्या दुपटीहून अधिक असतो आणि मापकही वेगळा लागतो. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. तरी खरे महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला आहे. चारही आकडे सारखेच थोडे कमी आले तर इंजिन एकसारखे वयस्क झाले आहे. एकच आकडा बाकीच्यांपेक्षा दीड बारने खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये काही बिघडलेले आहे.

काय बिघडले ते पुढच्या पायरीवर कळते. समजा आकडे १२.५, १२.२, ८.४ आणि १२.३ आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, ते पसरण्यासाठी स्टार्टर दोन-तीन फेरे फिरवावा आणि पुन्हा मोजावे. तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते. आकडा ११ च्या वर गेला तर गळती रिंगा आणि भिंत यांच्यामधून आहे. ८.६ वरच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये, हेड गॅस्केटमध्ये किंवा पिस्टनच्या माथ्यात असण्याची शक्यता जास्त. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर दोहोंमधले गॅस्केट फुटलेले असणे संभवते. डिझेल इंजिनात ही तेलाची युक्ती टाळलेली बरी. तिथे पिस्टनच्या वर इतकी कमी जागा उरते की जास्त पडलेले तेल पाण्यासारखेच पिस्टनला अडवू शकते.

ही चाचणीही कधीकधी फसवते. जे इंजिन भरपूर तेल जाळते त्याच्या भिंती आधीच तेलाने ओल्या असतात, म्हणून झीज असूनही आकडा चांगला येतो. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर असेल तर जागा कमी होऊन दाब वाढतो. अशा ठिकाणी गळती चाचणी अधिक भरवशाची. पिस्टन दाबाच्या फेरीत सर्वांत वर आणून ठेवायचा, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के हवा निसटते ते दुसऱ्या मापकावर वाचायचे. दहा टक्क्यांपर्यंतची गळती चांगल्या इंजिनातही असते, तीसच्या पुढे गेल्यावर मात्र इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी. त्याहून मोलाचा असतो हवेचा सूं सूं आवाज. तो तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा किंवा सिलिंडर, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट गेले किंवा हेडला तडा गेला. या चाचण्यांपैकी एकच निवडायची झाली, तर हीच निवडावी. फक्त क्रँकशाफ्ट घट्ट धरून ठेवावा लागतो, कारण हवेच्या दाबाने तो अचानक फिरतो आणि हात सापडू शकतो.

आता मोबाईलला जोडता येणारा बोअरस्कोप बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला की भिंत डोळ्यांना दिसते. होनिंगची तिरपी जाळी अजून दिसत असेल तर ते शुभलक्षण. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर तिच्यावर तेल ठरत नाही. उभ्या रेघांच्या बाबतीत घाई करू नये. कॅमेऱ्यात प्रत्येक रेघ प्रत्यक्षापेक्षा भयानक दिसते, आणि नखाला न लागणारी पुसट रेघ इंजिन वर्षानुवर्षे सहन करते. रुंद, काठ फाटलेले, राखाडी चमक असलेले ओरखडे हे पिस्टनचा धातू चिकटल्याचे चिन्ह असते.

इंजिन उघडल्यावर शेवटचा शब्द बोअर डायल गेजचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणाऱ्या या गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकशाफ्टच्या दिशेने व तिच्या काटकोनात, असा सहा ठिकाणी मोजतात. ६८.५० मिमीच्या सिलिंडरमध्ये वर काटकोनात ६८.६३, वरच क्रँकशाफ्टच्या दिशेने ६८.५८ आणि खाली काटकोनात ६८.५२ असे आकडे आले, तर निमुळतेपणा ०.११ मिमी आणि लंबगोलपणा ०.०५ मिमी झाला. साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीएवढा हा फरक, पण रिंगला तो पुरतो. व्यासात ०.११ मिमी वाढ झाली की परिघ ०.३५ मिमीने वाढतो, आणि तेवढीच रिंगच्या दोन टोकांमधली फट वाढते. म्हणजे खाली ०.२५ मिमी असलेली फट वर गेल्यावर ०.६० होते, आणि प्रत्येक फेऱ्यात रिंग उघडत-मिटत राहते. अशा सिलिंडरमध्ये फक्त नव्या रिंगा टाकून भागवणे हा फुकटचा खर्च आहे. जुन्या रिंगची झिजलेली कड पायरीला चुकवत असते, नव्या रिंगची कोरी कड तिच्यावर आपटते आणि रिंग तुटू शकते.

त्याऐवजी सिलिंडर कापून मोठा करतात, म्हणजे बोअरिंग करतात, आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. असे पिस्टन सहसा ०.२५ आणि ०.५० मिमीच्या टप्प्यांत मिळतात. लेथवाले कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात त्यांना ‘दहा साईज’, ‘वीस साईज’ म्हणतात. वरच्या उदाहरणात ०.१३ मिमीची झीज पाहून ०.२५ चा पिस्टन पुरेल असे वाटते. पण ती सगळी झीज एकाच बाजूला झाली असेल आणि मूळ मध्य कायम ठेवायचा असेल, तर त्या बाजूचा खड्डा पुसण्यासाठी व्यास ०.२६ मिमीने वाढवावा लागतो. म्हणून पुढचा, ०.५० चा पिस्टन घ्यावा लागतो. पिस्टन आधी आणून त्याचे प्रत्यक्ष माप घ्यावे आणि त्याला जुळेल असे बोअरिंग करावे, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. बोअरिंगची मर्यादा संपली असेल तर ब्लॉकमध्ये लायनर ठोकून मूळ मापावर परत येता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकबद्दल आधी माहिती काढावी. बऱ्याच ब्लॉकमध्ये ओतीव लोखंडाचे लायनर असतात आणि त्यांची भिंत पातळ असते. काहींमध्ये भिंतीवर फक्त निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, तिथे नेहमीचे बोअरिंग चालत नाही. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जग्वारच्या अशा थराच्या काही इंजिनांचे गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने नुकसान झाले होते, आणि बीएमडब्ल्यूने पुढे व्ही-८ इंजिनांत हा थर सोडून सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक स्वीकारला.

होनिंगनंतरची धुलाई सर्वांत दुर्लक्षित राहते. दगडाची कचरी नव्या रेषांमध्ये अडकलेली असते आणि रॉकेलने किंवा पेट्रोलने ती पुरती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने भिंती घासाव्यात, पांढरे फडके आतून फिरवून ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवाव्यात, आणि गंज चढण्याआधी लगेच तेल लावावे. जोडणीपूर्वी मूळ कारणही दूर झालेले असले पाहिजे. एअर फिल्टरची नळी, थर्मोस्टॅट, इंजेक्टर, रेडिएटरचा पंखा आणि संशय असल्यास कनेक्टिंग रॉडचा सरळपणा तपासून घ्यावा. नव्या रिंगा भिंतीवर बसायला काही शे किलोमीटर लागतात. त्या काळात वेग एकसारखा न ठेवता बदलता ठेवतात आणि इंजिनावर मध्यम ओझे येऊ देतात. नुसते आयडलवर ठेवल्याने रिंगा बसत नाहीत आणि भिंत गुळगुळीत होते. हजार किलोमीटरच्या सुमारास तेल बदलून कॉम्प्रेशन पुन्हा मोजतात. आकडे एकमेकांच्या एक बारच्या आत असले आणि डिपस्टिकवरची पातळी खाली गेली नसली, तर काम नीट झाले असे धरायला हरकत नसते.